मेंढ्यांपाशी कोण?

ताई गेल्याची बातमी मला बालाघाटच्या शाळेत तिसऱ्या तासाला मिळाली. चौथीच्या वर्गात गुणाकार चालले होते. बैहरकडून येणाऱ्या बसचा कंडक्टर स्वतः शाळेच्या फाटकाशी आला आणि त्यानं चपराशाच्या हाती चिठ्ठी दिली. "बहनजी, उकवा से है," एवढंच म्हणून चपराशी तिथंच उभा राहिला. एरवी तो चिठ्ठी टेबलावर टाकून निघून जातो. उकव्याच्या भाऊजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं अक्षर होतं. 'गिरजा आज सकाळी गेली. चूल पेटवत होती. तुम्ही या.' मी चिठ्ठीची घडी घातली, फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं, आणि मग हेडमास्तरांकडे गेले. आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ती चिठ्ठी वाचून माझ्या मनात पहिलं आलं ते 'ताई गेली' हे नव्हतं. पहिलं आलं ते, 'मग मेंढ्यांपाशी कोण आहे?'

आमच्या घरात हा प्रश्न कुळाचारासारखा होता. कटंगीच्या अलीकडे आमचं गाव. थोडी धानाची शेती आणि तीसेक मेंढ्या. आमचे आजे-पणजे विदर्भातून मेंढ्यांमागे चालत चालत इकडे आले आणि इथंच थांबले, असं बाबा सांगत. लग्नाची तारीख निघो, मंडईच्या जत्रेला जायचं ठरो, कुणी आजारी पडो की कुणी मरो, माय आधी विचारायची, "मेंढ्यांपाशी कोन?" त्याचं उत्तर मिळालं की मगच पुढचं बोलणं. गाईपुढे दोन पेंढ्या टाकून माणूस गावाला जाऊ शकतो, बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधता येतात. मेंढ्यांना रोज चालायला हवं, रोज कुणीतरी त्यांच्या मागे हवं, आणि ते कुणीतरी त्यांच्या ओळखीचं हवं. अनोळखी माणूस काठी घेऊन निघाला तर कळप अर्ध्या वाटेत उभा राहतो आणि त्याच्या तोंडाकडे बघतो. रविवार नाही, पोळा नाही, दिवाळी नाही. मी मास्तरीण झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जगात 'सुट्टी' नावाची गोष्ट छापील कागदावर मिळते.

या प्रश्नाचं उत्तर दहाव्या वर्षापासून ताई होती. बाबांचा दमा वाढला, दादाची शाळा सुरू होती, मी चार वर्षांची. ताई तिसरीत होती. एका सकाळी पाटी कोनाड्यात ठेवून ती काठी घेऊन निघाली, आणि ती पाटी पुढं मला मिळाली. यात कुणी कुणावर जुलूम केला असं आमच्या घरात कुणालाही वाटलं नाही, ताईलाही नाही. दादाच्या लग्नाला ती नव्हती. म्हणजे गावातच होती, वरात निघाली तेव्हा बांधावर उभं राहून तिनं हात हलवला आणि मेंढ्या ओढ्याकडे वळवल्या. माझ्या लग्नाला तर ती येऊच शकली नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाला मात्र हजर होती, त्या दिवशी बाबा दमा घेऊन मेंढ्यांमागे गेले. बोहल्यावर उभी असतानाही पोरगी मान वळवून शिवाराकडे बघत होती, असं माय सांगायची आणि हसायची. आम्हीही हसायचो. नागपूर तिकडे महाराष्ट्राच्या बाजूला गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्या सालची ही गोष्ट.

लग्नानंतर तरी तिची यातून सुटका होईल असं मला वाटलं होतं. भाऊजींना उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत नोकरी लागली होती. पगाराची नोकरी, रविवारची सुट्टी. पण तिचे सासरे म्हणाले, नोकरी तुझी, मेंढ्या माझ्या, त्या काही मी विकणार नाही. झालं! चाळीस मेंढ्या कटंगीकडून पायी चालवत उकव्याच्या जंगलात नेल्या. चालवत नेल्या कुणी, हे सांगायला नकोच. सासरे दोन वर्षांत वारले. मेंढ्या राहिल्या. तोवर त्या ताईच्या झाल्या होत्या, आणि ती त्यांची.

मी सुट्टीत उकव्याला जात असे, तेव्हा तिचा दिवस मी पाहिला आहे. पहाटे उठून कुंपणातली लेंडी झाडायची, टोपलीनं खड्ड्यावर नेऊन टाकायची. तान्ही कोकरं त्यांच्या आयांना लावायची, एखादी आई पिऊ देत नसेल तर तिला गुडघ्यांत धरून बसायचं. मग भाऊजींचा डबा, मग पोरीची वेणी, मग मेंढ्या घेऊन दोन-तीन मैल चढावर. पावसाळ्यात चिखलानं खुरं सडायची, तेव्हा एकेक मेंढी उलटी करून खुरं खरवडायची आणि औषध लावायचं. चाळीस मेंढ्यांची एकशे साठ खुरं होतात, हा हिशेब मी तिला गमतीनं सांगितला होता. ती म्हणाली, "मले नको सांगू. मले पाठीतून समजते." हिवाळ्यात मेंढ्या विणार, उन्हाळ्यात पाण्यासाठी लांब जाणार, वर्षातून दोनदा लोकर कातरणार. आणि जंगल म्हणजे बिबट्याची धास्ती बारा महिने. दिवस मावळता परत यायचं, मेंढ्या कोंडायच्या, आणि मग घरचं काम सुरू. भाऊजी तोवर आंघोळ करून, चहा पिऊन, अंगणातल्या खाटेवर बसलेले असत. माणूस वाईट नव्हता हो. त्यांना ते दिसतच नसे, एवढंच. एका रविवारी त्यांनी मोठ्या मनानं मेंढ्या नेल्या आणि संध्याकाळी तीन मेंढ्या कमी घेऊन आले. ताईनं कंदील घेऊन त्या शोधून आणल्या. त्यानंतर भाऊजींना कुणी मेंढ्या न्यायला सांगितलं नाही. मला तेव्हापासून वाटत आलंय की कामातून सुटायचा सगळ्यात सोपा रस्ता ते एकदा नीट बिघडवून ठेवणं हाच आहे. ताईला तो रस्ता कधी सापडला नाही.

खाणीचा भोंगा पाच वाजता व्हायचा. दोन-तीन मैलांवर, थेट चराईच्या माळापर्यंत ऐकू जाई. एका संध्याकाळी ताई लेंडीची टोपली डोक्यावर घेऊन अंगणातून चालली होती, भाऊजी खाटेवर पाय हलवत बसले होते, आणि ती मध्येच थांबली.

"तुमचा भोंगा झाला का तुमी सुटता," ती म्हणाली. "मले काहून नाही भोंगा?"

भाऊजी हसले. "मेंढ्यांले सांग ना! मी काय करू?"

मी तिथंच होते. मीही हसले. ताई हसली नाही, टोपली घेऊन पुढं गेली. पण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिनं खरंच मेंढ्यांना सांगितलं होतं.

तिची युक्ती साधी होती. मेंढ्यांना मीठ फार आवडतं. अंगणात एक दगडी कुंडी होती. भोंगा झाला की ताई कळप घराकडे वळवायची आणि घरी आल्या आल्या कुंडीत मूठ-दोन मूठ मीठ टाकायची. दुसऱ्या कुठल्याही वेळी मीठ नाही, म्हणजे नाही. एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला, आणि मग पाचचा भोंगा झाला की मेंढ्या आपणहून माना वर करायच्या आणि वळायच्या. पुढं गळ्यात घंटी बांधलेली म्हातारी ढवळी, तिच्यामागं बाकीच्या. ताईनं फक्त मागून चालत यायचं. सूर्य अजून झाडांवर असतानाच कळप घरी. मेंढ्या कुंडीला भिडल्या की ताई हातपाय धुवायची आणि भाऊजींच्या शेजारी दुसरी खाट टाकून बसायची. "सुटली बाई," म्हणायची. आणि दिवेलागणीपर्यंत काही करायची नाही. अगदी काही नाही. वातसुद्धा वळायची नाही. मी विचारलं, तू या वेळी काय विचार करतेस? तर म्हणाली, "विचार करायचा असता तर काम काय वाईट होतं?"

शेजारच्या बायका नावं ठेवायच्या. खाणीच्या साहेबासारखी बसते म्हणायच्या. कुणी त्या वेळी गप्पा मारायला आलं तर ताई डोळे मिटून घ्यायची. मेंढी अडली किंवा पोरीला ताप आला, की तो तासही जायचा. पण बाकीचे दिवस तिनं तो राखला. सबंध आयुष्यात एवढा एक तास तिनं स्वतःसाठी मिळवला होता, आणि तोही मेंढ्यांना शिकवून.

आता मला जे लिहायचं आहे आणि इतकी पानं मी टाळत आले आहे, ते लिहिते.

माय थकली होती, पण आजारी नव्हती. तिनं माझ्याजवळ निरोप दिला. "गिरजीले सांग, दोन दिवस झोपाले ये. काम नोको करू, बोलू नोको, नुसती झोप. मी उठवनार नाही." ताईच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती. त्या दहा वर्षांत ताई माहेरी आली ती अर्ध्या दिवसासाठी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. मी निरोप सांगितला तेव्हा ताईनं हातातलं कोकरू खाली ठेवलं. मग म्हणाली, "झोपाले म्हणे माय?" आणि पुन्हा एकदा विचारलं, "झोपालेच म्हनलं ना?"

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, तू जा, दोन दिवस मी राहते मेंढ्यांपाशी. मी लहानपणी थोडंफार केलं होतं आणि मेंढ्या मला ओळखत होत्या. ताईनं आठ दिवस आधीपासून मला रोज सोबत नेलं. कुठे पाणी, कुठे धान उभं आहे, कुठली मेंढी मागं राहते, सगळं दाखवलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोंगा. "भोंगा झाला का तू काही करू नोको, ढवळी आनते घरी. फक्त येळेवर उठ, त्याईच्या मागं राह्य. वाटेत धानाचे बांध हायेत." मी म्हटलं, हौ हौ, मला चौथीची पन्नास पोरं सांभाळता येतात. ती म्हणाली, "पोरं मीठ खात नाहीत."

जायच्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मायसाठी विणून घेतलेली घोंगडी आणि मोहाच्या पानांत बांधलेली भाकर घेऊन ती बसस्टँडवर गेली. मी मेंढ्या घेऊन माळावर गेले. सोबत माझी कापडी पिशवी होती. पिशवीत सहामाहीच्या उत्तरांच्या वह्या होत्या. सुट्टी संपायच्या आत तपासून द्यायच्या होत्या, घरी पाहुणे आले म्हणून राहून गेल्या होत्या, आणि मनात म्हटलं, दिवसभर झाडाखाली बसून दुसरं काय करायचं आहे? ताईला हे मी सांगितलं नाही. मोहाखालच्या खडकावर मी वह्या पसरल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर गोटे ठेवले आणि लाल शाईची दौत उघडली.

दुपारी बाराच्या सुमारास भोंगा झाला.

खाणीवर नवा भोंगा बसवला होता आणि तो वाजतो कसा ते बघत होते. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींनाही ठाऊक होतं, पण मेंढ्यांचा आणि त्याचा संबंध काही त्यांच्या डोक्यात आला नाही. मेंढ्यांना बारा काय आणि पाच काय! चाळीस माना एकदम वर झाल्या. ढवळीची घंटी वाजली. मी उठले असते, तशीच धावले असते, तर त्यांना गाठलं असतं. हे मी इतक्या वर्षांत किती वेळा मनाशी मोजून पाहिलं आहे... मी आधी वह्या गोळा केल्या. वारा होता. वह्या उडाल्या तर पोरांचे गुण जातील, हेडमास्तर काय म्हणतील, असं काहीतरी डोक्यात होतं. एकेक गोटा काढला, वह्या रचल्या, दौतीचं झाकण लावलं, पिशवी भरली. मान वर केली तेव्हा माळ रिकामा होता.

बस त्या दिवशी नेहमीप्रमाणे उशिरा आली होती. ताई खिडकीशी बसली होती. ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं दार ओढलं, आणि समोरच्या, घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ढवळी येताना दिसली. तिच्यामागं सबंध कळप, भर दुपारी, आणि मागं कुणी नाही. लोक हसायला लागले. मेंढ्या बसच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताई उठली. "बाई, बैठो, गाडी छूट रही है," कंडक्टर म्हणाला. हे सगळं त्याच्याच तोंडून मी नंतर ऐकलं. ताई मेंढ्यांकडे बघतसुद्धा नव्हती, दारातून उडी मारून ती रस्त्यावर एकच ओरडत होती, "सुमन कोठी हाये? माही सुमन कोठी हाये?" तिला वाटलं, मला बिबट्यानं नेलं. घोंगडी बसमध्येच राहिली आणि बालाघाटपर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी परत आली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. बस निघून गेली होती. मला बघताच तिनं माझे दोन्ही दंड धरले, डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. मग तिची नजर छातीशी धरलेल्या पिशवीवर गेली. पिशवीतून वह्या डोकावत होत्या, आणि माझ्या बोटांना लाल शाई होती.

"मी ओढ्यावर पाणी प्यायला गेलते," मी म्हटलं.

आम्ही घरी गेलो. मेंढ्या कुंडीभोवती उभ्या होत्या. ताईनं आत जाऊन मीठ आणलं आणि कुंडीत टाकलं. भाऊजींनी नंतर विचारलं, दुपारी काहून मीठ? तर म्हणाली, "भोंगा झाला, त्या आल्या. त्याईची काय चूक?" नवं लुगडं तिनं घडी करून पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी जा, मी म्हटलं, पण रात्रीतून दोन मेंढ्या विण्याला झाल्या आणि ते राहिलं. माझी सुट्टी संपली. पुढच्या सुट्टीत नक्की, असं ठरलं. माय पौषात गेली, झोपेतच. ताई पोचली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी ही गोष्ट तिच्याशी बोलले नाही. जात होते, येत होते. तिची पोरगी कमल तुमसरकडे दिली, त्या लग्नात ताई मांडवात होती खरी, पण पाच वाजता उठून माळाकडे गेली आणि परत येऊन पोरीची पाठवणी केली. केस पांढरे झाले. खाटेवर बसायचा तास तिनं सोडला नाही, पण आता बसल्या बसल्या तिचा डोळा लागे, आणि भाऊजी दिवा लावायला उठले की दचकून जागी होई.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती माझ्याकडे बालाघाटला आली. पायांवर सूज, चालताना दम. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "आराम करावा लागेल." ताईनं अगदी मनापासून विचारलं, "किती वाजेपासून?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. भाऊजींनी आठ दिवस रजा काढली होती. मेंढ्या पंधरावीसच उरल्या होत्या आणि आता ते जमेल तसं सांभाळत होते. ती आठ दिवस माझ्याकडे झोपली. दिवसा झोपली, संध्याकाळी झोपली, जेवता जेवता पेंगली. मी तिला उठवलं नाही. मायनं सांगितल्याप्रमाणे ती झोप माझ्या घरी झाली, असं मी मनाला समजावत होते.

सातव्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसून वह्या तपासत होते. वाटलं, झोपली आहे. तर डोळे मिटूनच म्हणाली, "त्या दिवशी तू वह्या तपासून राह्यली होती ना?"

माझा हात थांबला. "तुला ठाऊक होतं?"

"बोटं लाल होती तुही."

मी रडायला लागले. इतक्या वर्षांचं होतं ते. म्हटलं, ताई, मी आधी वह्या गोळा केल्या गं, नाहीतर गाठलं असतं त्यांना, तू मायकडे गेली असतीस... ती उठून बसली. तिनं माझ्या हातातली लेखणी काढून घेतली आणि दौतीचं झाकण लावलं. तिसरीतच पाटी सुटलेल्या माणसानं झाकण किती नीट लावलं ते मला अजून दिसतं.

"काहून रडून राह्यली? मले राग नाही आला. मले तवाच वाटलं, हे पोरगी बी सुटली नाही." तिनं दौत बाजूला सरकवली. "मी समजत होती, शिकली म्हून तू सुटली असशीन. तुह्या तर शाळेले बी मेंढरंच हायेत वो सुमे."

आठव्या दिवशी ती उकव्याला परत गेली. मी थांबवायला हवं होतं. भाऊजींची रजा संपली होती, आणि माझी शाळा होती.

तेरवीला उकव्याला सगळे जमले. दादा, त्याची माणसं, कमल तिच्या लेकराला घेऊन, खाणीतले लोक, नावं ठेवणाऱ्या त्या शेजारणीसुद्धा. ताईच्या कुठल्याही कार्याला इतकी माणसं एकत्र आलेली मी पाहिली नव्हती. भटजी आले, चुली पेटल्या. मागच्या कुंपणात मेंढ्या ओरडत होत्या. बारा दिवस भाऊजींनी त्यांना पाला तोडून घातला होता, बाहेर नेलं नव्हतं. दादा पाटावर बसता बसता सवयीनं म्हणाला, "मेंढ्यांपाशी कोन राह्यलं?"

मी बघत होते, एकेकाची नजर नकळत उचलली गेली आणि कुंपणाच्या दाराकडे गेली. जिनं तिथं असायचं तिच्याचसाठी तर आम्ही जमलो होतो. दादानं मान खाली घातली. कमलनं तोंडावर पदर घेतला.

"मी जाते," मी म्हटलं.

"तुमी? आज?" भाऊजी म्हणाले. "पिंडाच्या येळी सख्खी बहीण पाहिजे."

"तिला ठाऊक आहे मी कुठे आहे ते," मी म्हटलं आणि काठी घेतली. पिशवी मी बालाघाटलाच ठेवून आले होते.

ढवळी केव्हाच मेली होती. तिची घंटी आता दुसऱ्या मेंढीच्या गळ्यात होती. कळप माझ्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि मग निघाला. मोहाखालचा तो खडक तसाच आहे. दिवसभर मी तिथं बसले. काही केलं नाही. पहिला तास फार कठीण गेला. हात सारखे काहीतरी शोधत होते. शाळेतल्या दाखल्यांचं आठवलं, घरचं धान निवडायचं आठवलं, आणि मग हळूहळू आठवेनासं झालं. मेंढ्या चरत होत्या. मी मेंढ्यांकडे बघत होते. ताईचा एक दिवस मी गमावला होता. तो परत देता येत नाही हे मला कळतं. तरी मी बसून राहिले.

पाचचा भोंगा झाला. माना वर झाल्या. मी त्यांच्या मागून चालत आले. वाटेत धानाचे बांध लागले, एकही मेंढी आत शिरली नाही. अंगणात पंगती उठल्या होत्या, लोक पानं गोळा करत होते. मी मीठ आणून कुंडीत टाकलं, हातपाय धुतले. ताईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ती मी आडवी केली आणि जरा टेकावं म्हणून तिच्यावर पडले. इतकी माणसं, इतकी भांडी आवरायची, आणि मी तिथं भर अंगणात पडले होते.

डोळा लागता लागता कुणीतरी जवळ आल्यासारखं वाटलं. कमल असावी, ताट घेऊन. "मावशी, दोन घास..." असं काहीतरी म्हणाली आणि तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

"राहू दे," भाऊजींचा आवाज आला. "उठवू नोको. झोपू दे तिले."

मी जागी होते. कुंडीशी मेंढ्या मीठ चाटत होत्या, तेवढाच आवाज होता. इतकी वर्षं या अंगणात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. मग मी झोपले.